जुन्या पद्मिनीचे प्लग सारखे काळे पडतात. इंजिन उघडावेच लागेल का?

आपण लिहिले आहे की, मुंबईहून घेतलेली आपली 1986 सालची प्रीमियर पद्मिनी सपाटीवर ठीक चालते पण तवंदी घाट चढताना अडखळते, दोन महिन्यांत दोनदा प्लग बदलूनही ते काळेच पडतात, आणि निपाणीतल्या मिस्त्रींनी आता रिंगा (पिस्टनभोवतीची, तेल वर येऊ न देणारी कडी) गेल्या असे सांगून इंजिन उघडायचा सल्ला दिला आहे. रिंगा गेल्याही असतील. पण आपल्या मजकुरातून तसे सिद्ध होत नाही, कारण काळा प्लग म्हणजे तेल खाणारे इंजिन, हे समीकरण बेळगाव-निपाणी भागात जितके प्रचलित आहे तितकेच ते अपुरे आहे. माझ्याकडे वडिलांच्या वेळची पद्मिनी आहे आणि याच समजुतीपायी मी एकदा तिचे हेड (इंजिनाचा वरचा, प्लग बसवलेला भाग) विनाकारण उतरवण्याच्या बेतात होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रथम प्लग कसे काढता ते पाहू. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, कारण हेड ॲल्युमिनियमचे आहे आणि गरम असताना प्लगपाना लावला तर आटे प्लगबरोबर बाहेर येण्याची भीती असते. प्लगभोवतीची धूळ आधी फुंकून घ्यावी. मग रेडिएटरकडच्या सिलिंडरपासून 1, 2, 3, 4 असे आकडे घातलेल्या पुठ्ठ्याला चार भोके पाडून ज्याचा प्लग त्याच्याच भोकात खोचावा. कोणताही प्लग पुसू नये, पॉलिश पेपरने घासू तर मुळीच नये. काढलेले जुने प्लग मिस्त्रींनी डब्यात एकत्र टाकले असतील तर त्यांचा आता उपयोग नाही, कारण एका प्लगच्या रंगापेक्षा चार प्लगांमधला फरक जास्त बोलतो. चारही सारखे काळे असतील तर दोष चौघांना सामाईक असलेल्या भागात, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळणारा कार्ब्युरेटर, थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारा चोक, एअर फिल्टर, किंवा ठिणगी तयार करणारे पॉइंट, कंडेन्सर, कॉईल यांत शोधावा. एकच वेगळा असेल तर त्या एका सिलिंडरपाशी थांबावे. शेजारचे दोन बिघडलेले असतील आणि त्या दोघांचेच कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) उतरलेले असेल, तर त्यांच्यामधल्या जागी हेड गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा.

आता काळ्या रंगाविषयी. प्लगच्या टोकाला बोट लावून पाहावे. कंदिलाच्या काचेवर धरते तशी कोरडी, मऊ काजळी बोटाला लागली तर ते न जळलेले पेट्रोल आहे. चकचकीत, ओलसर, बोटांत चोळल्यावर बुळबुळीत लागणारा थर असेल तरच ते इंजिन ऑईल. आपण फक्त ‘काळे’ एवढेच लिहिले आहे. रिंगांचा निर्णय या एका गोष्टीवर अवलंबून असताना ती तपासली गेलेली दिसत नाही.

शिवाय आपणच लिहिता की गाडी आठवड्यातून एकदा अंगणात दहा मिनिटे चालू ठेवून बंद करता. सकाळी चोक लागणे हा काही दोष नाही, पण चोकवर दहा मिनिटे उभी राहिलेली कोणतीही पद्मिनी प्लग काळे करणारच. प्लगच्या टोकावरची काजळी आपोआप जळून जाण्यासाठी ते टोक साधारण 450 ते 500 अंश सेल्सिअसपर्यंत तापावे लागते आणि अंगणात उभ्या गाडीचे टोक तेवढे तापत नाही. (उलट साधारण 850 ते 900 अंशांच्या वर गेले तर ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटू लागते, तो वेगळा आणि अधिक महागडा आजार.) तेव्हा अंगणातल्या गाडीचे प्लग पाहून काहीही ठरवू नये. स्वच्छ प्लग बसवून, इंजिन पूर्ण तापवून, पहाटे चिकोडी रस्त्यासारख्या कमी वर्दळीच्या रस्त्यावर पंधरा-वीस किलोमीटर चौथ्या गिअरमध्ये एकसारखी गाडी चालवावी. मागेपुढे कोणी नाही हे पाहून क्लच दाबावा, लगेच इग्निशन बंद करावे आणि गाडी कडेला घरंगळू द्यावी. चावी मात्र स्विचमधून ओढू नये, स्टिअरिंग लॉक होऊ शकते. थंड झाल्यावर तिथेच काढलेले प्लग खरे सांगतात, कारण घरापर्यंत येताना चौकातल्या प्रत्येक थांब्याने त्यांच्यावर पुन्हा काजळी धरलेली असते.

रंग पाहताना लोक बाहेरच्या कड्याकडे पाहतात. पाहायचे असते ते मधल्या इलेक्ट्रोडभोवतीचे पांढरे पोर्सेलिन, तेही शक्यतो आतपर्यंत, टॉर्च मारून. फिकट तपकिरी किंवा करडे असेल तर उत्तम. जुन्या पुस्तकांतला गडद बदामी रंग आता शोधू नये. तो शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातला, आणि ते पेट्रोल देशभर 2000 साली बंद झाले. पोर्सेलिन खडूसारखे पांढरेफटक, त्यावर बारीक फोड किंवा चकाकणारे कण असतील तर गाडी ताबडतोब थांबवावी. पेट्रोल कमी पडते आहे, मॅनिफोल्डच्या (मिश्रण सिलिंडरांत नेणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटमधून हवा शिरते आहे किंवा टायमिंग फार पुढे आहे, म्हणजे ठिणगी फार लवकर पडते आहे. एखादाच प्लग धुतल्यासारखा लख्ख असेल आणि रेडिएटरचे पाणीही कमी होत असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी झिरपते आहे.

आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यात स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरचे मिश्रण पूर्वीपेक्षा पातळच (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) होते, म्हणजे प्लग काळे न होता पांढऱ्याकडे झुकायला हवेत. तरीही ते काळे होत असतील तर एकतर फ्लोटची (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल राखणाऱ्या तरंगत्या डबीची) पातळी किंवा चोक नक्की बिघडला आहे, किंवा ठिणगीच अशक्त असल्यामुळे पेट्रोल पुरते जळत नाही. मुंबईतून आपल्या पठारावर आल्यावर हवा थोडी विरळ होते हे खरे, पण सहाशे-साडेसातशे मीटर उंचीचा परिणाम इतका काळेपणा आणण्याएवढा नसतो.

अशक्त ठिणगीकडे मात्र फार कमी लोक पाहतात. माझ्या गाडीचा चार नंबरचा प्लग सतत काळा, बाकी तीन ठीक. एका गॅरेजमध्ये ‘पिस्टन बसला’ असे निदान झाले. मी चौथा आणि पहिला प्लग आपसात बदलला. तरी काळेपणा चौथ्यातच राहिला, म्हणजे प्लग निर्दोष. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत जवळपास सारखे निघाले. मग जांबोटीहून परतताना पावसात गाडी फारच मिसिंग करू लागली, म्हणून अंधारात बॉनेट उघडले, तर चौथ्या प्लगच्या वायरीवरून ब्लॉककडे बारीक निळी ठिणगी टिक-टिक उड्या मारत होती. वायरीला केसाएवढी चीर होती. वायर बदलली आणि काळेपणा गेला. उघड्या हवेत प्लग टेकवून ठिणगी पाहिली असती तर ती ठीकच दिसली असती. दाबाखाली उडी मारायला जास्त व्होल्टेज लागते आणि तेव्हा करंट सोपी वाट धरतो. घाटात अडखळणे आणि सपाटीवर ठीक चालणे, या आपल्या तक्रारीशी हे बऱ्यापैकी जुळते.

नवे प्लग घेताना दोन गोष्टी तपासाव्यात. प्लगच्या दोन इलेक्ट्रोडमधली फट फिलर गेजने (जाडी मोजायच्या पट्ट्यांनी) साधारण 0.6 मिलिमीटर ठेवावी. हल्लीचे बरेच प्लग जास्त फटीचे येतात आणि पॉइंटच्या इग्निशनला ते जड जातात. दुसरे, बॉशच्या प्लगवरचा आकडा वाढला की प्लग अधिक गरम प्रकारचा, म्हणजे टोक जास्त तापणारा, असतो आणि एनजीकेच्या बाबतीत नेमके उलट. एकाचा आकडा पाहून दुसऱ्याचा प्लग घेतला तर चूक ठरलेली.

आणि थर खरोखरच तेलाचा निघाला, तरी आधी तवंदी घाट उतरून पाहा. गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरल्यावर पायथ्याशी पाय देताच निळ्या धुराचा एक लोट आला तर व्हॉल्व्ह गाईडवर (हेडमधल्या, व्हॉल्व्ह ज्यातून सरकतात त्या नळ्यांवर) संशय घ्या. चढताना सलग निळा धूर असेल तर रिंगांवर. मग कॉम्प्रेशन मोजावे, प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चांगला वाढला तर मिस्त्री बरोबर आहेत आणि इंजिन उघडावे. वाढला नाही तर दोष व्हॉल्व्हकडे आहे, त्यासाठी पिस्टन बाहेर काढण्याची गरज नाही.