उघड छळ होत नसेल, तर पूर्वग्रहाने तब्येत कशी बिघडेल?

आपण विचारले आहे की, समलिंगी व ट्रान्सजेंडर व्यक्तींना हल्ली उघडपणे कोणी छळत नसताना केवळ लोकांच्या पूर्वग्रहामुळे त्यांचे आरोग्य बिघडते हे कितपत खरे मानावे, आणि समाजाने स्वीकारले तर किती काळात फरक दिसतो. त्यातले ‘उघडपणे कोणी छळत नसताना’ हे शब्द वाचून मी उत्तर लिहायला बसलो, कारण माझ्या थोरल्या भावाचे वर्षानुवर्षे हेच म्हणणे आहे. “आम्ही तुला कधी काही बोललो का? फक्त चारचौघांत तो विषय काढू नकोस.” उघड छळ अजूनही पुष्कळ ठिकाणी होतो, पण तो बाजूला ठेवतो, मला या ‘फक्त’विषयी बोलायचे आहे.

दोन वर्षांपूर्वी माझा रक्तदाब कधी ठीक, तर कधी भलताच वाढलेला निघू लागला, म्हणून डॉक्टरांनी २४ तास रक्तदाब मोजणारे यंत्र लावले. दंडाला पट्टा, कमरेला डबी. दिवसा दर अर्ध्या तासाने पट्टा गुरगुरत आवळतो, तेवढा वेळ हात स्थिर ठेवायचा आणि आपण त्या वेळी काय करत होतो हे सोबतच्या कागदावर लिहायचे. नेमके त्याच संध्याकाळी दादाकडे जेवण होते. वहिनींच्या माहेरची माणसे येणार होती, त्यामुळे ज्याच्याबरोबर मी ११ वर्षे संसार करतो आहे तो माझा जोडीदार, नेहमीच्या अलिखित करारानुसार, आलेला नव्हता. कोणीतरी सहज विचारले, “एकटेच राहता का?” मी तोंड उघडण्याआधी दादाने उत्तर दिले, “एक रूममेट आहे त्याचा.” तेवढ्यात पट्टा आवळू लागला. मी हात टेबलावर ठेवून हसत राहिलो, आणि सुट्टीत कुठे गेलो होतो हे सांगताना ‘आम्ही’ हा शब्द कसा टाळायचा याची जुळवाजुळव डोक्यात करत राहिलो. घरी येऊन कागद भरताना त्या वेळेसमोर मी ‘जिना चढलो’ असे लिहिले.

डॉक्टरांनी आलेख समोर ठेवला. “साडेआठला १६४ बाय १०२, तेव्हा तुम्ही जिना चढत होतात. नऊलाही जिना, साडेनऊलाही जिना. इमारत आहे तरी किती मजल्यांची?” (दादा तळमजल्यावर राहतो.) मग मी खरे काय ते सांगितले. त्यांनी तिन्ही ठिकाणचा जिना खोडला आणि मान वर न करता म्हणाले, “मग रात्री घोरता का, मध्येच श्वास थांबतो का, हे जोडीदाराला विचारून सांगा.” आधीच्या दोन डॉक्टरांनीही हेच विचारले होते, आणि दोघांनाही मी ‘एकटाच झोपतो, कल्पना नाही’ असे उत्तर दिले होते. जोडीदाराला विचारले, तर त्याच्याकडे कैक वर्षांची माहिती तयार होती. झोपेची तपासणी झाली, श्वास अडखळत असल्याचे निघाले, आणि वाढलेल्या रक्तदाबाचे एक मोठे कारण हाती लागले. एका ‘रूममेट’ शब्दापायी ते इतका काळ लपून राहिले होते.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की परिणाम होतो, आणि तो दोन वाटांनी होतो. एक वाट शरीरातली: सतत सावध राहावे लागले की ताणाची संप्रेरके वारंवार उसळतात आणि त्याची किंमत झोप, हृदय व मन चुकवतात. संशोधक इलान मेयर यांनी २००३ साली अल्पसंख्याकांच्या (इथे लैंगिकतेच्या दृष्टीने अल्पसंख्य असलेल्यांच्या) ताणाची जी मांडणी केली, तिच्यात प्रत्यक्ष भेदभावाबरोबरच नकाराची धास्ती आणि लपवालपवी हेही ताणाचे स्वतंत्र घटक धरले आहेत. दुसरी वाट दवाखान्यातली: जो डॉक्टरांशीही खोटे बोलतो, त्याचे निदान चुकते.

“तुमच्या लोकांत नैराश्य जास्त, म्हणजे दोष तुमच्यातच,” हे दादाचे दुसरे आवडते वाक्य. अमेरिकेत २००४-०५च्या सुमारास अनेक राज्यांनी मतदान घेऊन समलिंगी विवाहावर घटनात्मक बंदी घातली. बंदीच्या आधी आणि नंतर घेतलेल्या मुलाखती संशोधक हॅट्झनब्यूलर व सहकाऱ्यांनी २०१० साली ताडून पाहिल्या, तेव्हा त्या राज्यांतील समलिंगी व उभयलिंगी (स्त्री-पुरुष दोघांकडेही ओढ असणाऱ्या) व्यक्तींमध्ये नैराश्यासारखे भावविकार सुमारे ३७ टक्क्यांनी वाढलेले दिसले. बंदी नसलेल्या राज्यांत तशी वाढ नव्हती. माणसे तीच, मेंदू तेच, बदलला तो कायदा. दोष जन्मजात असता, तर तो मतदानाची वाट पाहत बसला नसता.

स्वीकाराने किती काळात फरक पडतो, याला सर्वांना लागू पडेल असा आकडा नाही. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात समलिंगी विवाह कायदेशीर झाल्यानंतरच्या वर्षभरातच समलिंगी व उभयलिंगी पुरुषांच्या दवाखान्याच्या फेऱ्या घटल्याचे एका पाहणीत आढळले. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये मात्र समलिंगी विवाहितांमधील आत्महत्यांचे प्रमाण १९८९-२००२ या काळाच्या तुलनेत २००३-१६ मध्ये ४६ टक्क्यांनी कमी होऊनही इतर विवाहितांपेक्षा अधिकच राहिले. कायदा बदलतो, पण जेवणाचे टेबल मागे रेंगाळते.

एका संध्याकाळच्या तीन आकड्यांवरून काही सिद्ध होत नाही, हे मान्य करतो; त्या दिवशी माझी झोपही नीट झाली नव्हती, आणि रक्तदाब आमच्या घराण्यातच आहे. दादालाही तो आहे. शिवाय ट्रान्सजेंडर व्यक्तींना अनेकदा दवाखान्याच्या दारातच जी वागणूक मिळते, तिच्यापुढे माझी कहाणी किरकोळ आहे, आणि त्याविषयी त्यांनीच लिहिलेले वाचावे. पण आपल्या घरी असे कोणी असेल, तर ‘आम्ही काही बोलत नाही’ हा उपकार समजू नका. त्याच्या जोडीदाराला नावाने हाक मारा आणि जेवायला बोलवा.

पुढच्या महिन्यात मला पुन्हा तो पट्टा बांधायचा आहे. त्याच आठवड्यात दादाकडे जेवण आहे. या वेळी वहिनींनी दोघांना बोलावले आहे, दादाने अजून फोन केलेला नाही.