प्लॉटिंगच्या साइटवर ड्रोन उडवताना

प्रिय मित्रा,

एनए (बिगरशेती) प्लॉटिंगच्या ड्रोन फोटोंची कामं तुला मिळू लागली, आनंद झाला. पुण्या-मुंबईत बसलेली माणसं हे फोटो बघून मावळ-मुळशीतल्या जमिनीत आयुष्यभराची पुंजी घालतात. त्यांना हद्द, रस्ता आणि पाणी दिसलंच पाहिजे. सोनेरी ऊन त्यानंतर.

आधी हद्द. मालकाकडून मोजणीची ‘क’ प्रत (सरकारी मोजणीचा नकाशा) माग आणि जागा माहीत असलेला माणूस बरोबर घेऊन हद्दीचे दगड शोध. गवतात ते वरून दिसत नाहीत. प्रत्येक दगडाशी फक्कीने दोन-अडीच फुटांची फुली मार. ५० मीटरवरून ती स्वच्छ दिसते. दगड सापडला नाही तर त्या बाजूची रेषा फोटोवर आखू नकोस. अंदाजाने आखलेल्या रेषेत शेजारच्या गटातले दोन गुंठे सहज आत येतात, आणि उताराच्या जमिनीवर तिरप्या फोटोत तर हमखास. पूर्ण लेआउट हवा असेल तर कॅमेरा सरळ खाली ठेवून ७५ ते ८० टक्के ओव्हरलॅपने (एका फोटोतला तेवढा भाग पुढच्यातही येईल असे) फोटो घे आणि ते जोडून नकाशा कर. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक कर, नाहीतर जोडावर पट्टे उमटतात. हा नकाशा म्हणजे सरकारी मोजणी नव्हे, हे ग्राहकाला लिहून दे.

मुख्य रस्त्यापासून गेटपर्यंतचा व्हिडिओ ३० मीटरवरून सलग घे, मध्ये कट नको. ब्रोशरमधला ‘डांबरी रस्ता’ बऱ्याचदा शेवटी पाणंद निघतो. ओढा मे महिन्यात नुसती घळ दिसते, म्हणून जुलैत पावसाची उघडीप बघून पुन्हा जा. चढउतार सकाळी नऊपर्यंतच्या लांब सावल्यांत कळतो. भर दुपारी डोंगरउतारही सपाट भासतो.

उच्चदाब वाहिनीचा टॉवर फोटोतून पुसून द्यायला प्लॉट विकणारे सांगतील. नाही म्हण. जाहिरातीतल्या खोट्या माहितीमुळे खरेदीदाराचं नुकसान झालं, तर रेरा (स्थावर मालमत्ता) कायद्याच्या कलम १२ खाली प्रवर्तकाला, म्हणजे प्रकल्प विकणाऱ्याला, भरपाई द्यावी लागते.

उड्डाणाआधी त्याच सकाळी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळावरचा नकाशा बघ. लोहगावचा वायुसेनेचा तळ, खडकवासल्याची एनडीए, लोणावळ्याचा आयएनएस शिवाजी हा नौदलाचा तळ, या भागात लाल-पिवळे (परवानगीशिवाय उडवता न येणारे) पट्टे जवळच असतात. ग्रीन झोनमध्ये, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या भागात, कमाल उंची ४०० फूट. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनने पैसे घेऊन काम करायचं तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतंच.

स्क्रीनवरची उंची टेकऑफच्या जागेपासूनची असते. पायथ्याशी ४० मीटर दिसत असताना वरच्या प्लॉटवर झाडांचे शेंडे दहा मीटरवर आलेले असतात. रिटर्न-टू-होमची (ड्रोन आपोआप परत येतानाची) उंची साइटवरच्या सर्वांत उंच टॉवरपेक्षा २० मीटर जास्त ठेव. बारीक तारा सेन्सरला दिसत नाहीत. साइट ऑफिसचा कंटेनर, गाडीचं बॉनेट, सळ्या असलेला स्लॅब यांवरून उडवू नकोस, होकायंत्र बिघडतं. घार झेपावली तर सरळ वर ने. तिला तितक्या झपाट्याने उभं चढता येत नाही. बॅटरी ३० टक्क्यांवर आली की परत.

रस्ते, गटारं, कंपाउंडची दरमहा नोंद करायची असेल तर पहिल्याच दिवशी वेपॉइंट (उड्डाणमार्गावरचे ठरलेले बिंदू) सेव्ह कर आणि दर वेळी तीच उंची, तोच कोन, तीच वेळ ठेव. मूळ फाइलमध्ये तारीख आणि जीपीएस असतं, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की ते गळतं. म्हणून मूळ फाइल्सचीच लिंक दे, आणि एक प्रत स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेव.

कळावे.