"काहीतरी नैसर्गिक सांगा ना": बाळाचा एक्झिमा आणि आईची घालमेल

माझ्याकडे येणाऱ्या नव्या आयांचा एक प्रश्न ठरलेला असतो. बाळाचे गाल लाल आणि खरखरीत झालेत, खाजेमुळे रात्री झोप नाही. डॉक्टरांनी एक्झिमा सांगून स्टेरॉइडचं सौम्य मलम लिहून दिलंय आणि ती ट्यूब सील न तोडता कपाटात पडून आहे. "एवढ्याशा जिवाला स्टेरॉइड कसं लावू? तुम्ही काहीतरी नैसर्गिक सांगा ना." औषध देणं माझं काम नाही. पण या प्रश्नामागची भीती ऐकून घ्यायची आणि घरात नेमकं काय चाललंय ते बघायचं, हे नक्कीच माझं काम. अशाच एका आईची ही हकिकत. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

बाळ पाच महिन्यांचं. आईच्या खांद्यावर असताना ते मान डावी-उजवीकडे करत गाल तिच्या खांद्यावर घासत होतं. या वयात नखांनी नीट खाजवता येत नाही, मग बाळं अशी घासून खाज भागवतात. गालांवर, कपाळावर, कोपरांच्या बाहेरच्या बाजूला कोरडे लाल चट्टे होते. लंगोटाच्या जागेची त्वचा मात्र मऊ, नितळ. आईला याचंच नवल वाटत होतं. तान्ह्या बाळांच्या एक्झिमात बहुधा असंच दिसतं, कारण तिथे ओलावा टिकून राहतो.

तिने पिशवीतून एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली. ऑलिव्ह तेल, खोबरेल, कोरफडीचं जेल, लॅव्हेंडरचं सुगंधी तेल आणि लेबल नसलेली एक छोटी डबी. "सगळं नैसर्गिकच आहे हो," ती म्हणाली. कोणतं किती दिवस लावलं, विचारलं तर उत्तर आलं, "दोन दिवसांत फरक नाही पडला की दुसरं."

एक्झिमाच्या त्वचेत पाणी धरून ठेवणारा वरचा थर कच्चा असतो. बऱ्याच जणांत त्यामागे फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातला बदल असतो. हा संबंध 2006 मध्ये उजेडात आला. या थरातून आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचे त्रासदायक पदार्थ आत शिरतात. म्हणून अशा त्वचेवर काय लावतो याला निरोगी त्वचेपेक्षा कितीतरी जास्त महत्त्व आहे, मग ते झाडापासून आलेलं असो की कारखान्यातून.

एकेक बाटली हातात घेऊन आम्ही बोललो. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल भरपूर असतं आणि ते हा थर आणखी सैल करतं, त्यामुळे ते बाजूला. लॅव्हेंडरचं तेलही बाजूला, कारण वास असलेली कोणतीही वस्तू या त्वचेला नको. कोरफडीने लालसर त्वचेची आग होऊ शकते, शिवाय बाजारातल्या जेलमध्ये बाकी काय काय असतं ते सांगता येत नाही. खोबरेलाला मात्र मी सरसकट नाही म्हटलं नाही. सौम्य ते मध्यम एक्झिमा असलेल्या मुलांवरच्या एका अभ्यासात शुद्ध खोबरेल खनिज तेलापेक्षा सरस ठरलं होतं. मात्र ती मुलं वर्षापेक्षा मोठी होती आणि चिरलेल्या, ओल्या चट्ट्यावर मी तेही लावायला सांगणार नाही. अंघोळीच्या पाण्यात बारीक दळलेले ओट्स घालण्यालाही आधार आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2003 मध्ये त्याला त्वचेचं रक्षण करणारा घटक म्हणून मान्यता दिली. फक्त बाळ त्या पाण्यात फार निसरडं होतं, हात घट्ट हवा. आणि लावल्यावर चट्टे वाढले तर लगेच बंद.

राहिली ती डबी. "ही लावली की दोन दिवसांत गाल गुळगुळीत. बंद केली की पहिल्यापेक्षा जास्त." हे ऐकून मला खरी काळजी वाटली. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम शहरात झालेल्या आणि 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत, मुलांच्या एक्झिमासाठी 'वनौषधी' म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक क्रीममध्ये तीव्र स्टेरॉइड सापडलं होतं. या डबीत काय होतं ते मला सांगता येणार नाही. पण जी आई स्टेरॉइडच्या धास्तीने डॉक्टरांची ट्यूब उघडत नव्हती, ती कदाचित त्याहून कडक स्टेरॉइड बाळाच्या गालाला लावत होती, तेही प्रमाण माहीत नसताना. मी तिला डबी घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला सांगितलं.

जाता जाता तिने हळूच विचारलं, "माझ्या खाण्यामुळेच झालं ना हे?" कुणीतरी सांगितलं म्हणून तिने दूध, अंडी, गहू सगळं सोडलं होतं. ती खंगलेली दिसत होती. तेव्हा मी बाकी सगळं बाजूला ठेवलं. एक्झिमा आईच्या हातून घडत नाही. काही बाळांना अन्नाची ॲलर्जी सोबत असते, पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं. आई अंदाजाने पदार्थ सोडत गेली, की तिचं पोषण तेवढं जातं आणि चट्टे बहुधा तसेच राहतात.

डॉक्टरांनी त्या डबीतलं लावणं थांबवायला सांगून तेच सौम्य मलम पुन्हा समजावून दिलं. फक्त लाल चट्ट्यांवर, पातळ थर, सांगितलेले दिवसच. मोठ्या माणसाच्या बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत निघणारं मलम मोठ्या माणसाच्याच दोन तळहातांएवढ्या (बोटं धरून) जागेला पुरतं, हे माप तिला फार उपयोगी पडलं. भीती कमी झाली ती या मापाने, माझ्या समजावण्याने नव्हे.

बाकीचं काम घरचं आणि कंटाळवाणं. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांची अंघोळ, साबण नाही, टॉवेलने टिपून घ्यायचं आणि अंग ओलसर असतानाच वास नसलेलं घट्ट मॉइश्चरायझर अंगभर लावायचं. साधी पेट्रोलियम जेलीही चालते. मग दिवसभरात पुन्हा पुन्हा. ती लावत होती ते प्रमाण फारच कमी होतं. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत मुलांसाठी आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम धरलंय, हे ऐकून ती चाटच पडली. नखं कापलेली, कपडे सुती, खोली फार गरम नाही. आजी मालिश करायच्या; ती थांबवायची गरज नव्हती. मी त्यांना तेलाच्या जागी तेच मॉइश्चरायझर घ्यायला आणि चोळण्याऐवजी केसांच्या दिशेने हलकेच फिरवायला सांगितलं. आजींनी ते इतकं मनावर घेतलं की दुपारचा हात कधी चुकला नाही.

चट्ट्यातून पाणी येऊ लागलं, पिवळी खपली धरली किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे जायचं, हे मी लिहून दिलं. बारीक, एकसारख्या फोडांचा पुंजका उठला आणि बाळ मलूल झालं तर रात्र असली तरी थांबायचं नाही. ओठांवर तापाचे फोड आणणाऱ्या हर्पिस विषाणूचा संसर्ग या त्वचेत झपाट्याने पसरतो. ओठांवर असे फोड आलेल्या पाहुण्याला म्हणूनच बाळाची पापी घेऊ द्यायची नाही.

पुढच्या भेटीपर्यंत बाळ सलग झोपू लागलं होतं. एक्झिमा गेलेला नाही. हवा कोरडी झाली की कोपरांवर चट्टे उठतात, ती चार दिवस मलम लावते आणि पुन्हा मॉइश्चरायझरवर येते. तिचं स्वतःचं जेवणही पूर्ववत झालंय. आता बाळाला वरचं अन्न सुरू करायचंय आणि तिला अंडं, शेंगदाणा द्यायची धास्ती वाटते. तीव्र एक्झिमा असलेल्या बाळांना शेंगदाणा लवकर, योग्य रूपात दिल्याने त्याची ॲलर्जी होण्याचं प्रमाण कमी होतं, असं 2015 च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. पण अशा बाळांत आधी तपासणी लागू शकते. तो प्रश्न तिने कागदावर लिहून घेतलाय, डॉक्टरांना विचारायला.