खुनाच्या कादंबऱ्या वाचणारी मुलगी

मुलांच्या शिकवणीसाठी लातूरला खोली करून राहणाऱ्या आया माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा गुणांखालोखाल एक तक्रार ठरलेली असते. उदगीरकडच्या एका आईने ती अशी मांडली : "मॅडम, नीटची परीक्षा तोंडावर आली अन् पोरगी खुनाच्या कादंबऱ्या वाचायलीय. डोक्यात काय भरत असंल?"

पहिल्या भेटींत मुलगी फारशी बोलली नाही. मग मी तिला कादंबरीच घेऊन यायला सांगितले आणि सर्वांत जास्त वेळा वाचलेले पान उघडायला लावले. हा प्रश्न सहसा वाया जात नाही. त्या पानावर ना खून होता ना उलगडा. मृताच्या शाळकरी मुलीची पोलीस जबानी घेत होते, एवढेच.

"हिचं पुढं काय झालं, लेखकानं सांगितलंच नाही," ती म्हणाली. "सगळे तिला वडिलांबद्दल विचारतात. तिला काय वाटतंय, ते कुणीच नाही."

आईने पुस्तक ओढून घेतले आणि ते पान सावकाश, ओठ हलवत वाचले. नंतर बऱ्याच वेळाने विचारले, "तुला काय वाटायलंय?" पुढचा तासभर मला जवळजवळ बोलावेच लागले नाही.

प्रौढांच्या गुन्हेकथेतला शोध घेणारा बहुधा आधीच घडलेला माणूस असतो. प्रकरण मिटवून तो पुढच्या प्रकरणाकडे वळतो, म्हणूनच रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांचा नायक झुंजार कथेमागून कथा झुंजारच राहिला. कुमारवयीनांच्या कादंबरीतही खून असतो. एस. ई. हिंटन यांची 'द आउटसायडर्स' १९६७ साली अमेरिकेत आली तेव्हा लेखिका अवघ्या १८ वर्षांच्या होत्या. त्या कादंबरीत एक मुलगा चाकूने खून करतो, पण खुनी कोण हे वाचकाला ठाऊकच असते आणि कथा चालते ती त्या मुलांच्या पुढच्या दिवसांवर. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनने साधारण १२ ते १८ या वयाचा मुख्य प्रश्न 'मी कोण' हा मानला, आणि माझा कलही तिकडेच आहे. मराठीत त्या प्रश्नाला वाहिलेले लेखन थोडे असल्याने मुले बालसाहित्यातून थेट मोठ्यांच्या कपाटाशी पोहोचतात आणि तिथे आपल्या वयाचे पात्र शोधत बसतात.

म्हणून पुस्तक हिसकावू नये. त्यातले कोण आवडले, कुणाचा राग आला, हे विचारावे आणि उत्तर मध्येच तोडू नये. झोप उडाली, मैत्रिणी तुटल्या किंवा दुसऱ्याला इजा करण्याची भाषा सुरू झाली, तर मात्र कादंबरीचा विचार सोडून मुलीला घेऊन समुपदेशकाकडे यावे.