ओळखी नाहीत, मागायला जमत नाही. मग वकिली चालेल का?

"माझ्या घरात कुणी वकील नाही. ओळखी नाहीत आणि ओळखी काढत फिरणं माझ्या स्वभावात नाही. मग वकिली सोडून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करू का?" समुपदेशक म्हणून पहिल्या पिढीतल्या तरुण वकिलांकडून हा प्रश्न मी सतत ऐकते. त्याचं उत्तर एका अनुभवातून देते आहे. जिचा हा अनुभव आहे तिने लिहायला परवानगी दिली आहे आणि तिची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुका न्यायालयात ती वकिली करते. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळून चार वर्षं झालेली. त्यातली तीन एका ज्येष्ठ वकिलांकडे जुनिअर म्हणून गेली आणि चौथ्या वर्षी तिने स्वतःचं टेबल टाकलं. हातात मोजकी कामं होती: वाटपाचे दावे, चेक न वटल्याच्या फिर्यादी, एक पोटगीचा अर्ज. बाररूममध्ये, म्हणजे न्यायालयातल्या वकिलांच्या खोलीत, आजूबाजूला बसणाऱ्यांपैकी कुणाचे वडील वकील, कुणाचे मामा कारखान्यात संचालक, कुणाचा भाऊ ग्रामपंचायतीत. "त्यांच्याकडे माणसं आपोआप येतात. मला मात्र मागावं लागणार, आणि मागायचं म्हटलं की माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही," ती म्हणाली.

तिने प्रयत्न केले नव्हते असं नाही. नातेवाइकांच्या आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती स्वतःच्या फोटोसह, 'सर्व प्रकारची दिवाणी व फौजदारी कामे केली जातील' असा मजकूर टाकत असे. एका सहकाऱ्याने बाररूममध्ये सगळ्यांसमोर बजावलं, "मॅडम, याची तक्रार गेली तर सनदेवर येईल." त्या दिवसापासून मजकूर बंद झाला. त्याबरोबर समारंभांना जाणं, बाररूममध्ये चहाला थांबणं, जुन्या मैत्रिणींना फोन करणं, हेही बंद झालं. झोप तुटक झाली होती आणि सकाळी न्यायालयाची वेळ जवळ आली की पोटात कळ यायची.

सहकाऱ्याचं बोलणं टोचणारं असलं तरी चुकीचं नव्हतं. पुढच्या भेटीला तिने नियमच आणला आणि आम्ही तो सावकाश वाचला. १९६१ च्या वकील कायद्याखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलांच्या देशपातळीवरच्या नियामक संस्थेने, केलेल्या नियमांतला ३६ वा नियम वकिलाला काम मागण्याची आणि जाहिरात करण्याची मनाई करतो. दलाल, परिपत्रक, मुद्दाम घडवून आणलेल्या बातम्या, अमुक खटला मी चालवला म्हणून वर्तमानपत्रात फोटो, यातलं काहीच चालत नाही. दारावरची पाटीसुद्धा माफक आकाराची हवी आणि तिच्यावर 'अमुक कामात तज्ज्ञ' असं लिहायचं नाही. २००८ मध्ये थोडी सूट मिळाली: नाव, पत्ता, फोन, सनदेचा तपशील, शिक्षण, कोणत्या क्षेत्रात काम करतो, एवढी ठरावीक माहिती संकेतस्थळावर देता येते. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तर ऑनलाइन सेवा विकणाऱ्या संकेतस्थळांवरच्या वकिलांच्या जाहिरातींविरुद्ध कडक निर्देश दिले. ही मनाई कागदापुरती नाही. मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयाच्या दारात उभं राहून येणाऱ्या पक्षकारांवर झडप घालणाऱ्या काही वकिलांचं प्रकरण १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं.

एवढं वाचून झाल्यावर मी तिला विचारलं, "यात माणसांशी बोलायला मनाई कुठे आहे?" ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. काम मागणं आणि माणसांशी संबंध ठेवणं या दोन गोष्टी तिच्या मनात एक झाल्या होत्या. पहिली गोष्ट तिला लाजिरवाणी वाटे, आता तर ती नियमबाह्यही ठरली होती, आणि तिच्यासोबत दुसरीही तिने टाकून दिली होती. मागायला न जमणं हा तिच्या व्यवसायात दोषच नाही, हे तिला सनद मिळाल्यापासून कुणी सांगितलं नव्हतं.

मात्र खरी गाठ वेगळीच होती. आम्ही बोलत असताना तिचा फोन वाजला. तिने नाव पाहिलं आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. कोण आहे म्हणून विचारल्यावर ती अडखळत म्हणाली, "पक्षकार आहेत. कालची तारीख होती. समोरच्या वकिलांनी मुदतीचा अर्ज दिला, साहेबांनी मंजूर केला. आता त्यांना काय सांगू?"

मग मी तिला मागच्या पंधरवड्यातले न उचललेले फोन पाहायला सांगितलं. बहुतेक तिच्याच पक्षकारांचे होते.

हे मी इतर वकिलांमध्येही पाहिलं आहे. तारीख पडण्याची कारणं वकिलाच्या हातात क्वचितच असतात: बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, मोठा असतो, न्यायाधीश रजेवर असतात, साक्षीदार येत नाही, समन्स बजावून परत आलेलं नसतं. तरी नवख्या वकिलाला वाटतं की अपयश आपलंच. सांगण्याजोगं चांगलं काही नाही म्हणून फोन उचलायचा नाही. तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि या बरं वाटण्यानेच पुढचा फोन आणखी जड होतो. आता तिकडची बाजू पाहा. एसटीने तालुक्याला येऊन, दिवसाची मजुरी बुडवून बाकावर बसलेला माणूस. इंग्रजीत काहीतरी बोलणं झालं, अर्ध्या मिनिटात पुकारा संपला, वकीलबाई दुसऱ्या कोर्टात पळाल्या. संध्याकाळी फोन लागत नाही. गावात पारावर कुणीतरी म्हणतोच, "तुझी वकील समोरच्या पार्टीला मिळाली बघ." आपल्याकडे हा संशय फार लवकर पेटतो, आणि वकील गप्प राहिला की त्याला पुराव्याचीही गरज उरत नाही. असा माणूस भावकीतल्या कुणाला तुमचं नाव सांगेल का? नव्या ओळखी नाहीत म्हणून ती रडत होती आणि आहेत त्या ओळखी तिच्याच भीतीने रोज झिजत होत्या.

म्हणून आम्ही सुरुवात समारंभांपासून केली नाही, ग्रुपपासूनही नाही. तिने आपल्या सगळ्या पक्षकारांची नावं लिहिली, बोलायला सर्वांत सोपं कोण इथपासून सर्वांत अवघड कोण इथपर्यंत. फोन त्याच क्रमाने करायचे. ज्या दिवशी तारीख असेल त्याच संध्याकाळी फोन किंवा मराठीत निरोप, आणि त्यात चारच गोष्टी: आज काय झालं, का झालं, पुढची तारीख कोणती, त्या दिवशी तुम्ही यायचं की नाही. शेवटची गोष्ट मी तिला मुद्दाम घालायला लावली, कारण गरज नसताना मारलेली खेप माणूस विसरत नाही. "तारीख तर ई-कोर्टच्या ॲपवर दिसतेच," असं ती म्हणाली. दिसते, पण का पडली ते तिथे कळत नाही, आणि लोकांना तेच हवं असतं. शिवाय फोन उचलायची एक ठरावीक वेळ, संध्याकाळी सहा ते सात. इतर वेळी आलेल्या फोनला 'सहानंतर बोलते' एवढा निरोप.

एका वाक्याचा सराव मात्र आम्ही खूप केला: "हे मला आत्ता माहीत नाही, उद्या संध्याकाळपर्यंत पाहून सांगते." तिला वाटे की असं म्हटलं तर पक्षकार दुसऱ्या वकिलाकडे जाईल. मी पक्षकार झाले, ती वकील झाली, आणि आवाज न कापता ते वाक्य येईपर्यंत आम्ही ते घोळवलं. छातीत धडधड थांबण्याची वाट पाहायची नाही, धडधडत्या छातीनेच नंबर लावायचा, एवढं ठरलं.

यादीत सर्वांत खाली वाटपाच्या दाव्यातले एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांच्याशी बोलायला तिला काही आठवडे लागले. फोन लागल्यावर ते मनसोक्त रागावले. तिने मध्ये तोडलं नाही, सबबी सांगितल्या नाहीत, मग त्या चार गोष्टी सांगितल्या. पलीकडून जरा वेळाने विचारणा आली, "मग ताई, चुलत्याला साक्षीला आणू का?" हे ती मला सांगत होती तेव्हा तिच्या बोलण्यात पहिल्यांदाच तो दावा आला, त्यातली जमीन आली, फेरफाराची नोंद आली. तोवर फक्त भीती येत होती.

फीचं बोलणंही असंच अडलेलं होतं. पहिल्याच भेटीत रक्कम आणि हप्ते कागदावर लिहायचे, पैसे घेतले की पावती द्यायची, हे तिने ठरवलं आणि ते फारशी खळखळ न होता जमलं.

बाररूमचं काम अधिक कठीण. तिथल्या घोळक्यात ती एकटी बाई असायची आणि तिथल्या थट्टेत तिला रस नव्हता. सगळ्यांशी मैत्री कर असं मी सांगितलं नाही, तशी गरजही नसते. आठवड्यातून एकदा एका सहकाऱ्याला कामाचा एक खरा प्रश्न विचारायचा आणि कुणी म्हटलं तर त्याच्या तारखेला त्याच्याऐवजी उभं राहायचं, एवढंच. त्याच सुमाराला, १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामं तिकडे आली. जो तो कोल्हापूरला जाऊन फोटो काढून येत होता आणि तिला पुन्हा वाटलं की गाडी सुटली. मी विचारलं, "तुमच्या पक्षकाराचे कागद विश्वासाने कुणाच्या हातात द्याल?" नाव लगेच आलं: विधी महाविद्यालयातली वर्गमैत्रीण, जी आता कोल्हापुरात होती. तिच्या एका पक्षकाराला दुसरं अपील करायचं होतंच. कोणत्या प्रमाणित नकला लागतील हे विचारायला तिने फोन केला. काम मागितलं नाही, कागद विचारले. काही महिन्यांनी त्या मैत्रिणीने आपल्या ओळखीच्या एका कुटुंबाला इथल्या न्यायालयातल्या कामासाठी हिच्याकडे पाठवलं.

याच काळात कागदपत्रं लिहून देणाऱ्या एकाने तिला सुचवलं होतं, "पार्ट्या पाठवतो, माझे पंधरा टक्के." तिने नकार दिला आणि घरी येऊन स्वतःलाच मूर्ख ठरवलं. वकील नसलेल्या माणसाशी फी वाटून घ्यायला नियमांची मनाई आहे. न्यायालयाच्या आवारातल्या दलालांसाठी तर २०२३ च्या दुरुस्तीने वकील कायद्यात ४५-अ हे नवं कलम आलं, त्यात कैदेची तरतूद आहे. ज्या नकाराची तिला लाज वाटत होती तो तिच्या सनदेचं रक्षण करणारा होता, हे मी तिला स्पष्ट सांगितलं.

मला सर्वांत जास्त आनंद झाला तो शिबिरांनी. गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांच्या पॅनेलवर येण्यासाठी साधारणपणे तीन वर्षांचा अनुभव लागतो, तो तिला होता. तिने अर्ज केला आणि तालुका विधी सेवा समितीच्या शिबिरात तिला बचत गटाच्या बायकांपुढे बोलायला सांगितलं. व्यासपीठाचं नाव काढताच तिचे हात गार पडले. मी म्हटलं, भाषण करू नका, त्यांचे प्रश्न आधी ऐका. विषय तिच्या जिव्हाळ्याचा निघाला: हक्कसोडपत्र. महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्याखाली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क मिळाला. २००५ ची दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात असोत वा नसोत, हा हक्क जन्मानेच आहे, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालात स्पष्ट केलं. तरी माहेर तुटू नये म्हणून बहिणी मुकाट्याने सही करतात. "सही केली, आता परत घेता येतं का?" एकीने विचारलं. नोंदवलेलं हक्कसोडपत्र मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही, फसवणूक किंवा दडपण झालं असेल तर न्यायालयात ते सिद्ध करावं लागतं, म्हणून सही करण्याआधीच विचारा, असं तिने सांगितलं. ती किती वेळ बोलली हे तिला कळलंही नाही. शिबिरात कार्ड वाटायचं नाही, हे तिने आपणहून ठरवलं होतं.

एक गोष्ट मात्र समुपदेशनाने सुटत नाही. जुनिअरला महिनोन्महिने नीट पैसे न मिळणं ही लाजाळूपणाची समस्या नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतनाची शिफारस केली, पण ती शिफारसच आहे. घरातून आधार नसलेल्या मुलामुलींना 'आत्मविश्वास वाढवा' असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं. आणि झोप, भूक पार गेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ओळखी वाढवण्याचा विचार बाजूला ठेवून आधी मदत घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे.

वकिली सोडू का, याचं उत्तर मी तिला दिलं नाही. तिने स्वतः दोन वर्षांची मुदत घातली आणि महिन्याला किमान किती मिळकत हवी तो आकडा घरच्यांसोबत बसून ठरवला. कामं वाढली आहेत, पण अजून त्या आकड्यापर्यंत पोहोचलेली नाहीत. पोटातली कळ क्वचित येते. नियमित भेटी थांबल्या आहेत. अलीकडे ती आली ती वेगळ्याच कारणाने: तिच्या जुन्या सिनिअरांनी एका मोठ्या दाव्यात सोबत काम करायला बोलावलं होतं आणि फीचं त्यांच्याशी आधी कसं बोलायचं, हे तिला ठरवायचं होतं.