वॉच डॉग्स लीजनची एवढी वाट बघण्यासारखं काय आहे? एका कॅमेरेवाल्याचं उत्तर

तुम्ही विचारलंय की युबिसॉफ्ट कंपनीचा शहर हॅक करायचा व्हिडिओ गेम वॉच डॉग्स लीजन २९ ऑक्टोबर २०२० ला येतोय, जिकडंतिकडं त्याचीच चर्चा, पण ज्यानं आधीचे भाग खेळलेच नाहीत त्यानं याची वाट बघावी का, आणि त्यात फोनचं बटन दाबलं की कॅमेरे, सिग्नल, गाड्या हातात येतात ते खरं असतं का. दोन्हीला माझं उत्तर हो आहे, दुसऱ्याला जरा थांबून हो.

मी परभणीत सीसीटीव्ही बसवायचं काम करतो, सहा वर्षं झाली. सराफाची दुकानं, मेडिकल, मंगल कार्यालय, कापसाच्या जिनिंग, कुठं कुठं डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारं मशीन, लावलाय ते आता मलाच आठवत नाही. त्यामुळं कॅमेऱ्यावरचा गेम म्हणलं की मी नुसतं ग्राफिक्स बघत नाही, वायर कुठून गेली असंल तेबी बघतो.

या सिरीजशी माझी ओळख २०२० मध्ये झाली. मार्चमध्ये एपिक स्टोअर या ऑनलाइन गेमच्या दुकानात पहिला वॉच डॉग्स आठवडाभर फुकट होता, १९ ते २६ मार्च, मी तो अकाउंटला घेऊन ठेवला आणि २५ तारखेला लॉकडाऊन लागलं, काम ठप्प, मी लॅपटॉप घेऊन आधीच गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या गावाकडं आलेलो. गावात रेंज फक्त माळवदावर. मग रात्री फोन वर ठेवायचा, हॉटस्पॉट लावायचा, आईचं, भावाचं आणि माझं अशी तीन सिम, रोजचा दीड दीड जीबी, असं करत करत सहा दिवसांत गेम उतरवला, मधी दोनदा लाईट गेली ते वेगळंच. जुलैमध्ये युबिसॉफ्टनं स्वतःच्या कार्यक्रमात दुसरा भाग पीसीवर फुकट दिला, तोबी घेतला. तुम्ही घेतला नसंल तर सेल लागला की दोन्ही बरेच स्वस्त होतात.

थोडक्यात सांगतो म्हणजे लीजन कळायला अडचण नाही. पहिला भाग २७ मे २०१४ ला आला, शिकागो शहर, सगळं शहर सीटीओएस नावाच्या एकाच सिस्टीमवर, सिग्नल, पूल, कॅमेरे, बँक, सगळं. हिरो एडन पिअर्स, त्याची लहानगी भाची मारली जाते आणि तो बदला घ्यायला निघतो. दुसरा भाग नोव्हेंबर २०१६ चा, सॅन फ्रान्सिस्को, मार्कस होलोवे नावाचा पोरगा, त्यानं काही केलेलं नसतं पण सिस्टीमनं त्याला आधीच गुन्हेगार ठरवून टाकलेलं असतं. मला तर दुसऱ्याची गोष्ट जास्त लागली. खुद्द शिकागोच्या पोलिसांकडं खरोखर अशी यादी होती, कोण माणूस गोळीबारात सापडण्याची शक्यता किती याचे नंबर कॉम्प्युटर लावायचा, अन ती यादी त्यांनी २०१९ मध्ये बंद केली. म्हणजे गेमवाल्यांनी हवेत काही बांधलेलं नाही.

आता हॅकिंग खरं का खोटं ते. एका बटनात होतं ते खोटं. एका कॅमेऱ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात उड्या मारत जाणं हे तर आमच्याकडं शक्यच नाही कारण प्रत्येक दुकानाचा डीव्हीआर वेगळा, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, चार कॅमेरे, एक टीबीची हार्डडिस्क, साधारण पंधरा-वीस दिवसांचं रेकॉर्डिंग, मग जुनं पुसून नवं चालू. उंदरानं वायर कुरतडली की चार दिवस कॅमेरा आंधळा असतो आणि मालकाला पत्ताबी नसतो. पण गोष्टीचं मूळ खरं आहे. पहिल्या भागाची स्क्रिप्ट कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीच्या तज्ज्ञांना दाखवून घेतली होती.

आणि आमच्या धंद्यातलंच उदाहरण देतो. २१ ऑक्टोबर २०१६ ला ट्विटर, नेटफ्लिक्स, स्पॉटिफाय असल्या मोठमोठ्या साईट कित्येक तास नीट उघडत नव्हत्या, जास्त करून अमेरिकेत. या साईटचे इंटरनेटवरचे पत्ते सांभाळणाऱ्या डाइन नावाच्या कंपनीवर हल्ला झालेला, आणि हल्ला कशातून झाला तर लोकांच्या घरादुकानातल्या कॅमेऱ्यांतून, डीव्हीआरमधून, राउटरमधून. मिराई नावाचा प्रोग्राम होता, त्याच्याकडं कंपनीहून येणाऱ्या साठेक युजरनेम-पासवर्डची यादी, ॲडमिन-ॲडमिन असली, तो इंटरनेटवर एकेक मशीन ठोकून बघायचा, उघडलं की त्याला गुलाम करायचा. तो लिहिणारे तिघं कॉलेजच्या वयाची पोरं निघाली, माइनक्राफ्ट या गेमचे सर्व्हर पाडायच्या भांडणातून सुरू झालेलं प्रकरण. हे वाचलं त्या दिवशी मी रात्री झोपलो नाही नीट, कारण तोवर मीसुद्धा पासवर्ड कंपनीचाच ठेवायचो, गिऱ्हाईक विसरतं म्हणून. दुसऱ्या दिवसापासून जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून करून बदलायला लावले, काहींनी ऐकलं, काही म्हणले आमच्या किराणा दुकानात काय सोनं हाय का. सोनं नसलं तरी मशीन असतंय ना, ते त्यांना हवंय. तुमच्या घरी कॅमेरा असंल तर हे उत्तर वाचून झालं की आधी पासवर्ड बदला.

बरं, लीजन. लीजन लंडनमध्ये आहे, थोड्या पुढच्या काळातलं लंडन. शहरात बॉम्बस्फोट होतात, आळ डेडसेक या हॅकर लोकांच्या टोळीवर येतो आणि शहराची सुरक्षा अल्बियन नावाच्या खासगी फौजेच्या ताब्यात जाते. लंडन निवडलं हे एकदम बरोबर केलं. तिथं १९९० च्या दशकात आयआरए या आयर्लंडच्या सशस्त्र संघटनेच्या बॉम्बस्फोटांनंतर शहराच्या मधल्या बँकांच्या भागाला नाके आणि कॅमेऱ्यांचं कडं घातलं होतं, त्याला पोलादी कडं म्हणायचे. आणि २०२० च्या जानेवारीत तिथल्या पोलिसांनी जाहीर केलं की रस्त्यावर गर्दीतले चेहरे ओळखणारे कॅमेरे आता प्रत्यक्ष कामाला लावणार आहोत. तिकडं वेल्समध्ये एका माणसानं याच गोष्टीवर कोर्टात केस लढली आणि २०२० च्याच ऑगस्टमध्ये अपील कोर्टानं सांगितलं की पोलिसांनी ज्या पद्धतीनं ते वापरलं ते बेकायदेशीर. म्हणजे गेम बनत असताना बाहेर हेच चालू होतं.

पण मी वाट बघायलो ती लंडनसाठी नाही, हॅकिंगसाठीबी नाही. मी वाट बघायलो कारण या गेमला हिरोच नाही. रस्त्यानं जाणारा कुणीबी माणूस तुम्ही टीममध्ये घेऊ शकता आणि मग तोच होऊन खेळू शकता. २०१९ च्या जूनमध्ये ई-थ्री या गेमच्या मोठ्या मेळाव्यात पहिल्यांदा दाखवला तेव्हा त्यांनी एक म्हातारी बाई टीममध्ये घेऊन दाखवली होती, ती आठवण माझ्या डोक्यातून गेलीच नाही. गवंडीकाम करणारा माल उचलायच्या ड्रोनवर उभा राहून वर जाऊ शकतो, वकील टीममध्ये असंल तर पकडलेला माणूस लवकर सुटतो, दवाखान्यातलं माणूस असंल तर जखमी लवकर बरा होतो. आणि प्रत्येकाचं दिवसाचं टाइमटेबल आहे, नातीगोती आहेत, तुम्ही एखाद्याला गाडीनं उडवलं तर त्याचा भाऊ तुमच्या टीममध्ये यायला नाही म्हणणार. पर्माडेथ चालू ठेवलं तर मेलेला माणूस गेला तो गेला.

हे मला का लागलं ते सांगतो. दोनेक वर्षांमागं एका जिनिंगमध्ये सोळा कॅमेऱ्यांचं काम होतं. त्यातले चार कॅमेरे मालकानं कापसातला काडीकचरा वेचणाऱ्या बायकांवर लावायला सांगितले. गठाणींवर नाही, काट्यावर नाही, बायकांवर. मी शिडीवर चढून अँगल धरायलो तर खालून एक मावशी म्हणली, बाबा आमच्याकडंच कशाला तोंड केलंस त्याचं, आम्ही काय नेणार हावोत. मी काय बोलणार, मालक सांगंल तिकडं कॅमेरा. त्या सगळ्या बायका पदर नीट करून बसल्या आणि त्या दिवशी जेवतानाबी कुणी मोठ्यानं बोललं नाही. मी संध्याकाळी आत मॉनिटरवर पिक्चर चेक केलं, चौकोनात बारीक बारीक आकृत्या, तोंड ओळखू येतंय का एवढंच मी बघत होतो. सहा वर्षं मी माणसं अशीच बघतो, वरून, कोपऱ्यातून, बिनआवाजाची.

पहिल्या वॉच डॉग्समध्ये फोन रोखला की येणाऱ्या-जाणाऱ्याचं नाव, कामधंदा, कमाई आणि त्याच्याबद्दल एक ओळ दिसते, कुणाची नोकरी गेलेली, कुणाला आजार. मी सुरुवातीला सपासप लोकांच्या खात्यातून पैसे काढायचो, गेमच आहे म्हणून, नंतर ओळी वाचायची सवय लागली आणि माझा हात अडायला लागला. पण तिथं ती माणसं फक्त वाचायची होती. लीजनमध्ये ज्याच्यावर कॅमेरा रोखलाय तोच उठून खेळायला लागतो. त्या मावशीसारखी बाई टीममध्ये येऊ शकते, जिला कुणी मोजलंच नाही. मला हे कोणत्याच गेममध्ये आजवर मिळालेलं नाही.

आमच्या आजीचं बघा. रेशन दुकानात अंगठ्याचं मशीन आहे, आजीचा अंगठा उठतच नाही, जन्मभर कापूस वेचून, खुरपून रेषाच झिजून गेल्यात. मशीन म्हणतंय ही बाई ती बाईच नाही. दोन महिने माल मिळाला नव्हता, शेवटी चुलत्याचा अंगठा लावून आणला. देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० ला दिलं, आणि सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी २०१७ च्या ऑगस्टमध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, दोन्ही आपण वाचलेलं असतं, पण दुकानासमोर पिशवी घेऊन बसलेल्या बाईला सिस्टीम ओळखत नाही म्हणजे काय हे तिथं उभं राहिल्यावर कळतं. पाळत म्हणलं की लोकांना वाटतं कुणीतरी आपल्याला फार बघतंय. आजीकडं बघून मला वाटतं, बघणारं मशीन आहे पण त्याला माणूस दिसंना.

भीती आहे का, तर आहे. पहिल्या भागाचा २०१२ मध्ये दाखवलेला डेमो आणि २०१४ मध्ये हातात आलेला गेम यात ग्राफिक्सचा फरक पडला होता आणि लोक लै चिडले होते, ती गोष्ट मी नंतर वाचली. लीजनसुद्धा आधी ६ मार्च २०२० ला येणार होता, पुढं ढकलला. आणि सगळेच हिरो म्हणलं की गोष्ट पातळ होण्याचा धोका असतोच, त्याच चार आवाजांत पन्नास माणसं बोलायला लागली तर मजा जाणार. दिग्दर्शक क्लिंट हॉकिंग आहे, २००८ चा फार क्राय २ त्याचाच, त्यात मित्र मेला की खरंच वाईट वाटायचं, म्हणून मला भरवसा आहे. तरी प्री-ऑर्डर करू नका, चार दिवस थांबून लोक काय म्हणतात बघा. मी स्वतः थांबणार नाही, पण ते माझं झालं.

पीसीवर खेळणार असाल तर किमान जीटीएक्स ९७० एवढं ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम आणि ४५ जीबी जागा लागते. माझा लॅपटॉप १०५० चा आहे, त्याच्यावर नाही होणार. औरंगाबादला मित्राकडं १०६० आहे, शुक्रवारी काम आटपून रात्रीच्या गाडीनं जायलो, शनिवार-रविवार तिथंच.

मागच्या आठवड्यात गावाकडं गेलो तेव्हा आजीला फोनवर ट्रेलर दाखवला. तिला लंडन, ड्रोन कशाचंच काही नाही, ती म्हातारी बाई पडद्यावर आली तसा तिनं माझा हात धरला, थांब म्हणली, फोन डोळ्याजवळ नेला आणि विचारलं, "ही कोणाची रे? कोण्या गावची?" म्हणलं आजी, ते २९ तारखेनंतर कळंल, आलो की सांगतो.