आधी जुना आराखडा वाच

बेटा,

तुझा फोन आला तेव्हा मी कूलरच्या ताट्या बदलत होतो, म्हणून नीट बोलता आलं नाही. आपल्या नागपूर शहराचा हवामान कृती आराखडा, म्हणजे उत्सर्जन कमी करायचं आणि ऊन-पुराला तोंड द्यायचं नियोजन, सुधारायच्या कामावर तुला घेतलं, हे ऐकून बरं वाटलं. सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. नव्या उद्दिष्टांपासून करू नकोस, तिथे सगळेच धावतात. जुना आराखडा घे आणि प्रत्येक कामासमोर पेन्सिलीनं लिही : झालं, अर्धवट राहिलं, झालंच नाही. आणि नाही झालं तर काहून नाही, तेही. ही यादी बैठकीत कोणालाच आवडणार नाही. तरी कर.

आता आकड्यांबद्दल. ३० मे २०२४ आठवतो? शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि नागपूर देशभर गाजलं. बाकी काही केंद्रांवर तेव्हा ४४ च्या आसपास होतं. सेन्सर बिघडला होता, असं हवामान खात्यानं पुढे सांगितलं. आपल्याला ४६-४७ ची सवय, त्यामुळे ५६ पण अनेकांना खरे वाटले. तुझ्या एक्सेलमध्येही असे ५६ दडलेले असतील. शेजारच्या नोंदीशी ताडून पाहत जा.

शहराचं उत्सर्जन मोजताना विजेच्या रकान्यात तर हमखास घोटाळा होतो. एका युनिटमागे किती कार्बन डायऑक्साइड धरायचा, तो आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण काढतं. सध्या तो साधारण सातशे ग्रॅम आहे. उद्या देशात सौरऊर्जा वाढून तो निम्म्यावर आला, तर इथे विजेचा वापर दीडपट होऊनही शहरानं उत्सर्जन कमी केलं असं कागदावर दिसेल, आणि आपण आपलीच पाठ थोपटून घेऊ. म्हणून वापरलेली युनिटं वेगळी दाखव. पद्धत किंवा शहराची हद्द बदलली असेल, तर जुन्या वर्षाचा आकडाही नव्यानं काढ. हुडकेश्वर-नरसाळा शहरात धरून आणि वगळून काढलेल्या बेरजा एकमेकींशेजारी ठेवून काय उपयोग? कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची धुराडी महापालिकेच्या हद्दीबाहेर, त्यामुळे बेरजेत येते ती फक्त आपण जाळलेली वीज. नियमाला धरून आहे ते, पण धूर काही हद्दीच्या पाट्या वाचत नाही. निदान एक परिच्छेद त्यावर लिही.

भांडेवाडीला एकदा नाही, दोनदा जा. तिथलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं. १३० एमएलडीची (दिवसाला १३ कोटी लिटरची) ती योजना झाली तेव्हा देशभरातून लोक बघायला येत. तितकं ताजं पाणी वाचतं, हे ठळक लिही. आणि तिथेच कचऱ्याचा डोंगर आहे, जो उन्हाळ्यात पेटतो. त्यातून निघणारा मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबानं कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापदायक. तेही तितकंच ठळक.

पुराचं मात्र सावकाश कर. आपली सगळी तयारी उन्हाची. २०१६ मध्ये उष्माघाताचा कृती आराखडा आला, तोही योग्यच होता. पण २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी लोकांच्या बैठकीच्या खोलीत शिरली. माझा एक मित्र डागा लेआऊटमध्ये राहतो. भिंतीवरची पाण्याची रेघ त्यानं रंग देताना मुद्दाम तशीच ठेवली आहे. अशा रेघा शोधत फिर. टेप घेऊन जा, रस्त्यापासून उंची मोज, पाणी किती वाजता आलं आणि कुठल्या दारातून, ते विचार. घरापेक्षा सिमेंटचा रस्ता उंच झाला असेल, तर तोही फरक लिही. उपग्रहाच्या नकाशात हे सापडत नाही, आणि माणसं दोन-तीन वर्षांत विसरतात. म्हाताऱ्या बायका जास्त अचूक सांगतात, हा माझा अनुभव. काय काय भिजलं ते त्यांच्या लक्षात असतं.

उन्हाबाबत एकच. दुपारच्या पाऱ्यासोबत रात्रीचाही पारा नोंदव. टिनाच्या घरात रात्री दोनलाही झोप लागत नाही, आणि नळाला पाणी नसेल तर कूलर नुसता पंखा होतो. आपण कूलरला उपाय म्हणतो. त्याची टाकी पेंच धरणाच्या पाण्यावर चालते, हे आराखड्यात कुठे तरी यायला हवं.

शेवटी प्रत्येक कामासमोर तीन गोष्टी भर : महापालिकेच्या दहापैकी कोणता झोन, कोणत्या पदावरचा अधिकारी आणि अंदाजपत्रकातलं लेखाशीर्ष. पर्यावरण विभाग एवढंच लिहिलेलं काम तसंच पडून राहतं. तशी मीही बरीच लिहिली आहेत.

त्यातली काही शनिवारी दाखवतो. सकाळी ये, दहानंतर ऊन सोसवत नाही. फाइली माळ्यावर आहेत. माझ्याच्यानं आता शिडी होत नाही, तेव्हा चढायचं तुलाच आहे.

तुझे,
सर